सांगून लिहवणं वेगळं, स्वतः लिहिणं वेगळं

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आमचे हे हुकुमचंद मिलमध्ये हिशेब खात्यात होते. १९९१मध्ये मिल बंद पडली, मग एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. आता वय ६६. मिलमधले दिवस, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (चित्ररथांची) तयारी, साचाखात्यातली (म्हणजे कापड विणायच्या खात्यातली) माणसं यांवर ते पूर्वीपासून लिहायचे, इथल्या मराठी अंकांत छापूनही यायचं. काचबिंदूने नजर गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. पुण्याच्या मुलाने दिवाळीत लॅपटॉप आणला आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स अन् ‘ईमॅकस्पीक’ नावाचा बोलणारा एडिटर घालून दिला. तो इंग्रजीत भराभर काहीतरी बोलतो, ह्यांना उमगत नाही. दुकानदार म्हणतो, महागाचं सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल. मी म्हणते, तुम्ही सांगा, मी लिहून घेते, तर चिडतात. शेजारी बसून चुका दाखवल्या तरी चिडतात. जुने लेख डीटीपीवाल्याने दिलेल्या सीडीवर आहेत, तेही ह्या मशीनला वाचता येत नाहीत. रात्री उशिरापर्यंत खटपट करतात, त्या आवाजाने घर जागं होतं. काय करावं?

ताई,

‘मी लिहून घेते म्हटलं तर चिडतात’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला तेच वाटलं. यात तुमचं चुकलं नाही आणि त्यांचंही नाही. लिहिणारा माणूस एक वाक्य लिहितो, थांबतो, मागे जाऊन ते पुन्हा वाचतो, एक शब्द काढतो, दुसरा घालतो, तो आवडत नाही म्हणून पहिलाच परत आणतो. दुसऱ्याच्या हाताने हे करवून घेताना संकोच होतो. ‘मघाचं वाक्य परत वाच’ असं दोनदा-तीनदा म्हणता येतं. चौथ्या वेळी समोरच्याच्या आवाजातला कंटाळा ऐकू येतो आणि माणूस म्हणतो, असू दे, राहू दे तसंच. मग जे छापून येतं ते त्याला आपलं वाटत नाही. दृष्टी गेल्यावर तुमच्या यजमानांच्या हातून गेलंय ते हे मागे जाऊन बदलणं. मजकूर तर त्यांच्या डोक्यात आजही तयार असणार.

म्हणून मी दृष्टिहीन मंडळींना संगणक शिकवताना एकच कसोटी लावते. काल लिहिलेलं पान उघडायचं, त्यातला एखादा शब्द, समजा ‘साचाखातं’, शोधायचा, तो बदलायचा, पान साठवून बंद करायचं, आणि हे सगळं कोणालाही हाक न मारता. ज्या साधनांनी हे जमेल ती साधनं बरोबर. ज्यांनी जमत नाही ती कितीही नामांकित असली तरी आत्ता त्यांचा उपयोग नाही.

आता मुलाने बसवलेल्या ईमॅकस्पीकबद्दल. त्याने काही भलतंसलतं आणलेलं नाही, हे आधी सांगते. ईमॅकस्पीक करणारे टी. व्ही. रामन हे पुण्यात जन्मलेले. त्यांचीही दृष्टी काचबिंदूनेच गेली, वयाच्या चौदाव्या वर्षी. पुणे विद्यापीठ, मुंबईची आयआयटी आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल असं शिकून १९९५मध्ये त्यांनी ईमॅक्स नावाच्या एडिटरला बोलतं करणारी ही सोय लोकांपुढे ठेवली. त्यामागचा विचार आजही मोलाचा आहे. एरवीचा स्क्रीन रीडर पडद्यावर जे दिसतंय ते वाचून दाखवतो. कॅलेंडरच्या चौकटीत कर्सर १२वर असेल तर तो ‘बारा’ म्हणून मोकळा होतो, कारण पडद्यावर तिथे तेवढंच असतं. ईमॅकस्पीक त्या एडिटरच्या आतच बसलेला असल्यामुळे वार, तारीख, महिना, वर्ष असं पूर्ण सांगतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या, दिवसभर संगणकावरच जगणाऱ्या अंध माणसाला याचा केवढा आधार होतो ते मी पाहिलंय.

पण तुमच्या घरी परिस्थिती वेगळी आहे. ईमॅक्स हा एडिटर डोळस माणसालाही शिकावा लागतो. कंट्रोलबरोबर एक अक्षर, मग दुसरं, मग तिसरं, अशा आज्ञांच्या साखळ्या बोटांत बसवाव्या लागतात. सगळ्या सूचना इंग्रजीत. त्यात लिनक्स नवं, ऐकून काम करणं नवं, न पाहता मराठी टाइप करणं नवं. एका वेळी इतकं नवं अंगावर आलं तर तरुण माणूसही वैतागेल. मुलाला वाईट वाटू देऊ नका, पण लॅपटॉपबरोबर विंडोज आलेलं असेल तर ते परत घालून घ्या. वर्षभराने ह्यांना हौस वाटली तर ईमॅकस्पीक कुठे पळून जात नाही.

विंडोजवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर घाला. तो फुकट आहे, आणि फुकट आहे म्हणून कमी दर्जाचा आहे असं मुळीच नाही. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याचा मित्र सोबत आला, तोही अंध. अंध माणसाला आपल्या संगणकासाठी डोळस माणसापेक्षा जास्त पैसे का मोजावे लागावेत, या प्रश्नातून ते काम उभं राहिलं. दुकानदाराने सांगितलेलं महागडं सॉफ्टवेअर बहुधा जॉज असणार. तेही उत्तम आहे, बऱ्याच कार्यालयांत तेच असतं, पण घरी बसून मराठी लेख लिहिणाऱ्याला त्याची गरज नाही. ते पैसे नंबरांच्या वेगळ्या पट्ट्यासकट असलेल्या एका साध्या वायरच्या कीबोर्डवर आणि चांगल्या इअरफोनवर घाला. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर बोट कुठे आहे ते कळत नाही, मोठ्या कीबोर्डवर कळतं. इअरफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे राहतो, आणि बटण दाबल्याबरोबर अक्षर कानावर आलं नाही तर हात अडखळतो. एकाच कानात घालून बसू देत, म्हणजे दाराची बेलही ऐकू येईल आणि रात्री घरही झोपेल.

एनव्हीडीए चालू करताच तो विचारतो, की कॅप्सलॉकला एनव्हीडीएचं बटण करायचं का. हो म्हणा. आज्ञा देताना हे बटण धरून दुसरं दाबायचं असतं. कॅप्सलॉक डाव्या करंगळीशेजारीच असल्याने चाचपडावं लागत नाही. त्यावर आणि खाली जाणाऱ्या बाणावर एकेक खड्याची टिकली चिकटवा, राजवाड्याजवळ पाकीटभर मिळतात. मखमली टिकली नको, ती बोटाला लागत नाही आणि घामाने सुटते. एफ आणि जे या बटणांवर कंपनीनेच उंचवटे दिलेले असतात, त्यामुळे आणखी खुणा करू नका. खुणा फार झाल्या की सगळ्याच निरुपयोगी होतात.

यानंतर आवाज. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक नावाचा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. सेटिंगमध्ये स्पीचच्या पानावर जाऊन भाषा मराठी करा आणि वेग बराच कमी ठेवा. ह्यांना इंग्रजीत भराभर ऐकू येत होतं तो निम्मा त्रास इथेच संपेल. हा आवाज यंत्राचा वाटतो, गोड नाही, आणि पहिले काही दिवस ते नाक मुरडतील. तरी तोच राहू द्या. बटण दाबताक्षणी तो बोलतो, वेग वाढवला तरी त्याचे उच्चार तुटत नाहीत, आणि टाइप करताना हेच दोन गुण कामाचे. हवं तर त्याच पानावर आवाजाचा प्रकार बदला, पट्टी थोडी खाली आणा, बराच फरक पडतो. इंदूरला कोणी ना कोणी सुचवेलच, की विंडोजचा हिंदी आवाज किती छान आहे, देवनागरीच तर वाचायची आहे. फुरसतीने काही ऐकायला तो वापरा. लिहिताना नको. तो मराठी शब्द हिंदी वळणाने उच्चारतो, आणि आपलंच वाक्य परक्या उच्चारात ऐकताना चूक आपली की आवाजाची हे कळेनासं होतं.

दोन गोष्टी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवा. कंट्रोल दाबलं की आवाज गप्प होतो. शिफ्ट दाबलं की थांबतो, पुन्हा दाबलं की पुढे चालू होतो. बोलणाऱ्या यंत्राला आपण गप्प करू शकतो हे कळलं की भीती अर्धी होते. नवख्या माणसाला छळतो तो आवाजाचा लोंढा, आणि तो अडवणारं बटण कुणीच त्याला आधी दाखवत नाही.

आता टायपिंग. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून देवनागरी करून देणारी साधनं डोळस माणसाला सोपी, पण ती मध्येच पर्यायांची यादी उघडतात आणि त्यातून निवडायला सांगतात. ऐकून काम करणाऱ्याची लय तिथे तुटते. त्यापेक्षा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की तो मिळतो, आणि विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इन्स्क्रिप्टची रचना अशी, की स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मधल्या ओळीवर डावीकडे ए, एस, डी, एफ, जी या बटणांवर ओकार, एकार, हलन्त (पाय मोडायची खूण), पहिली वेलांटी आणि पहिला उकार. उजवीकडे एचपासून पुढे प, र, क, त, च, ट. ‘पत्र’ हा शब्द बोटं मधल्या ओळीवरून न हलवता लिहिता येतो : एच, एल, डी, जे. ‘चित्र’ही तसाच. शिफ्ट धरलं की मात्रेच्या बटणावर तोच पूर्ण स्वर मिळतो आणि क-त-पच्या बटणांवर ख-थ-फ. म्हणजे पाठांतर निम्मंच.

आणि इन्स्क्रिप्टमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने टाइप होतात. ‘कि’ लिहिताना आधी क, नंतर वेलांटी; ती पडद्यावर ‘क’च्या डावीकडे उमटली तरी आपल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी मारावी लागायची, कारण ती दिसायला आधी येते. न पाहणाऱ्याला तो क्रम सारखा अडवतो. कानाने लिहिणाऱ्या माणसाला इन्स्क्रिप्ट जसा जवळचा वाटतो, तसा दुसरा कोणता कीबोर्ड वाटल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मिलच्या ऑफिसात त्यांनी इंग्रजी टाइपरायटर चालवला असेल तर हातांना जागेची सवय आहेच.

शिकताना रिकामं नोटपॅड उघडायचं आणि प्रत्येक बटण दाबून ऐकायचं. एनव्हीडीए टाइप केलेलं प्रत्येक अक्षर बोलतो, कॅप्सलॉकबरोबर २ दाबून ते चालू-बंद होतं. ३ दाबलं की पूर्ण झालेला शब्द बोलण्याची सोय चालू-बंद होते. सुरुवातीला अक्षरं चालू ठेवा, हात बसला की ती बंद करून फक्त शब्द ठेवा. अक्षरागणिक बडबड कायम चालू राहिली तर वाक्याचा विचार करता येत नाही. रोज थोडा वेळ, ताजं डोकं असताना. रात्री दमल्यावर नको.

एडिटर कुठला, तर आधी साधं नोटपॅड. वर्ड चांगला आहे, पण त्यात फिती, चौकटी, सूचना यांची इतकी गर्दी असते की चुकून एखादं बटण लागलं की माणूस भलतीकडेच जाऊन पोचतो. नोटपॅडमध्ये मजकूर असतो आणि आपण असतो. फक्त एक पाहून घ्या. लॅपटॉपवर जुनं विंडोज असेल तर फाईल साठवताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फाईल उघडल्यावर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं निघतात आणि ती परत फिरत नाहीत. नव्या विंडोजमध्ये ते आपोआप होतं.

मसुदा लिहिताना त्यांना एक सवय लावा, ती छापील पुस्तकात बसणार नाही पण फार उपयोगी आहे : प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. वाक्य संपलं की एंटर. परिच्छेद संपला की दोनदा एंटर. असं केलं की खालचा बाण दाबला म्हणजे पुढचं वाक्य, वरचा दाबला म्हणजे मागचं. नोटपॅडमधलं वर्ड रॅप त्यासाठी बंद ठेवायचं, नाहीतर लांब वाक्य दोन-तीन ओळींत तुटून अर्धवट ऐकू येतं. वाक्य हलवायचं झालं तर होमवर जाऊन, शिफ्ट धरून खालचा बाण, कंट्रोल-एक्स, हव्या त्या जागी कंट्रोल-व्ही. काय निवडलं गेलं तेही एनव्हीडीए बोलून सांगतो. लेख पुरा झाला की संपादकाकडे पाठवण्याआधी कोणीतरी ओळी जोडून द्याव्यात. ते यांत्रिक काम आहे, त्यात लेखकाला हात लागत नाही.

सगळा लेख सलग ऐकायचा असेल तर कॅप्सलॉक आणि खालचा बाण. शब्द शोधायला कंट्रोल-एफ, तोच पुढे कुठे आलाय ते पाहायला एफ-३. एका शब्दावरून दुसऱ्यावर जायला कंट्रोल आणि आडवे बाण. चुकलं तर कंट्रोल-झेड. मघाशी सांगितलेल्या कसोटीला एवढं पुरतं.

खरी मेहनत आहे ती शुद्धलेखनाची, आणि इथे कानावर पूर्ण भिस्त ठेवून चालत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आवाजात जेमतेम येतो. श आणि ष एकसारखेच ऐकू येतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द नुसतं ऐकून वेगळे ओळखणं अवघड, आणि झांकीच्या मंडपात जेवण वाढणारे कोण होते यावर तर सगळा अर्थच अवलंबून. अशा वेळी त्या शब्दावर जाऊन नंबरांच्या पट्ट्यावरचा ५ दोनदा पटकन दाबायचा, नमलॉक बंद ठेवून. शब्द सुटा करून ऐकवला जातो. हा दुसरा ऱ्य लिहायचा तर शिफ्टबरोबर जे, मग डी, मग स्लॅश. लेख तपासताना कॅप्सलॉक आणि पी दाबून विरामचिन्हांची पातळी ‘ऑल’वर न्यायची, म्हणजे स्वल्पविराम, अवतरणचिन्हं सगळं बोलून दाखवतो. लिहिताना पुन्हा खाली आणायची.

आणखी एक बारकावा, ज्याने अनेकजण गोंधळतात. ‘स्त्री’ लिहून बॅकस्पेस एकदा दाबला तर फक्त वेलांटी जाते, स्त्र शिल्लक राहतो. तेच शब्दाच्या आधी उभं राहून डिलीट दाबलं तर अख्खं जोडाक्षर एका दमात जातं. हे माहीत नसेल तर माणसाला वाटतं, आपण एक बटण दाबलं आणि मशीनने भलतंच खोडलं. त्यांना हे मुद्दाम करून ऐकवा.

फायली सापडल्या नाहीत तर सगळं फुकट. डेस्कटॉपवर ‘लेखन’ नावाचं एकच फोल्डर ठेवा, त्याच्या शॉर्टकटला प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एल असा जोड द्या. एनव्हीडीएला कंट्रोल-ऑल्ट-एन असा जोड आधीच असतो, त्यामुळे आवाज कधी बंद पडला तरी तो त्यांना स्वतः चालू करता येतो. फायलींची नावं विषयावरून ठेवू देत, ‘झांकी’, ‘साचाखातं’, ‘पगाराचा दिवस’, म्हणजे पहिलं अक्षर दाबून तिथे पोचता येतं. माऊस काढून कपाटात ठेवा. तो टेबलावर असला की घरातला कोणी ना कोणी ‘थांबा, मी करून देतो’ म्हणत तो हातात घेतोच.

आणि यावरून तुमच्याकडे येते, ताई. तुम्ही शेजारी बसता, पडद्यावर चूक दिसते आणि तोंडून निघून जातं, हे मी समजू शकते. पण त्या वेळी ते आवाजाकडे कान लावून असतात. एकाच वेळी मशीन एक सांगतंय, तुम्ही दुसरं, आणि मनातलं वाक्य तिसरंच. अशाने चिडायला होतंच. पहिल्या आठवड्यात लागेल ती मदत करा, मग दुसऱ्या खोलीत बसा. चूक झाली तर मशीन सांगेल, नाही सांगितली तर संपादक सांगेल. हाक मारली तर जा, आणि गेल्यावर कीबोर्डला हात न लावता तोंडाने सांगा, म्हणजे पुढच्या वेळी बोटं स्वतः तिथे जातील. बोलून लिहायचं म्हणाल, तर मोबाइलवर मराठीत बोललं की टाइप होतं, तेही त्यांना दाखवा. पहाटे काही सुचलं तर चार वाक्यं पकडून ठेवायला ते चांगलं. विरामचिन्हं त्यात नीट येत नाहीत, मिलमधले जुने शब्द ते भलतेच करून ठेवतं, त्यामुळे तो मजकूर शेवटी नोटपॅडमध्येच आणून सुधारावा लागतो.

तुमच्या डोळ्यांची गरज खरी लागणार आहे ती सीडीसाठी. त्या फायली बहुधा पेजमेकरमधल्या आणि कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमधल्या असतील. या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त ती देवनागरीसारखी दिसतात. डोळ्याला मराठी, यंत्राला अर्थहीन इंग्रजी, म्हणून एनव्हीडीएच काय, कुठलाच स्क्रीन रीडर त्या वाचू शकत नाही. ज्याच्याकडे पेजमेकर आहे अशा डीटीपीवाल्याकडून मजकूर काढून घ्या आणि युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही देवनागरी म्हणूनच कळेल अशा रूपात, बदलून मागा, त्यासाठी तयार कन्व्हर्टर असतात. बदलताना रफार, वेलांट्या, जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. तेव्हा छापील अंक एका हातात धरून तुम्ही तो मजकूर ओळीओळीने ताडून पाहा. पुढे एखाद्या मासिकाने किंवा छापखान्याने जुन्या फॉन्टमध्ये लेख मागितला तर बदल त्यांनी करून घ्यावा. ह्यांनी कायम युनिकोडमध्येच लिहायचं, म्हणजे स्वतःचं लिहिलेलं स्वतःला वाचता येईल.

जाता जाता डोळ्यांचंही सांगते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, पण तो उजेड-अंधार जो कळतो तोही चालताना, वावरताना कामाचा असतो, म्हणून डॉक्टरांनी थेंब चालू ठेवायला सांगितले असतील तर ते चुकवू देऊ नका. हा आजार घराण्यात उतरू शकतो आणि सुरुवातीला काही जाणवत नाही. मुलाला डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्यायला सांगा, या महिन्यातच.

त्याच मुलाला आणखी एक काम द्या. त्याने पुण्यात स्वतःच्या संगणकावरही एनव्हीडीए घालावा, पडदा बंद करून एक पानभर मराठी इन्स्क्रिप्टने टाइप करावं आणि मग वडिलांना फोनवर सांगावं. दिसत नसताना कुठे अडतं ते त्याला तेव्हाच कळेल, आणि ‘खाली उजवीकडे क्लिक करा’ असं तो पुन्हा म्हणणार नाही. एनव्हीडीएमध्ये आता दुरून जोडण्याची सोय आतच दिलेली आहे. दोघांनी एकच ‘की’ (परवलीचा शब्द) ठरवून जोडणी केली म्हणजे वडिलांच्या मशीनवर जे बोललं जातंय ते त्याला पुण्यात ऐकू येतं, आणि गरज पडली तर तिकडून बटणंही दाबता येतात. त्यासाठी दोन्हीकडे २०२५.१ किंवा त्यापुढची आवृत्ती असायला हवी.